एक अँप, अनेक सबवूफर: ओहम आधी ठरवा, वॉट नंतर

डिकीत दुसरा सबवूफर (बाससाठीचा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) बसवल्यावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. एक सब होता तेव्हा बास बरा होता. दुसरा लावल्यावर एकतर आवाज वाढलाच नाही, नाहीतर गाणं जोरात लावलं की अँपचा (ॲम्प्लिफायरचा) लाल दिवा लागतो आणि सगळं गप्प. मग अँप खराब निघाला म्हणून दुकानात वाद होतो. खरं तर बहुतेक वेळा अँपही चांगला असतो आणि सबही. चुकलेला असतो तो खरेदीचा आणि जोडणीचा क्रम. आधी ‘मोठ्या वॉटचा’ अँप घेतला जातो, मग सवलतीत मिळाले म्हणून सब, आणि दोघांचं जमतं का हा प्रश्न पडतो तो थेट फिटिंगच्या दिवशी.

खालचा क्रम तसाच पाळा. पायरी ३ संपेपर्यंत अँपवर पैसे खर्च करू नका.

## पायरी १: सबचे आकडे कागदावर उतरवा

प्रत्येक सबबद्दल तीन गोष्टी लिहा: कॉइल (कोन हलवणारं आतलं तारेचं वेटोळं) एक की दोन, प्रत्येक कॉइल किती ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप), आणि आरएमएस वॉट किती.

एका कॉइलच्या सबला दोन टर्मिनल असतात, डबल कॉइलला चार. डबल कॉइलच्या खोक्यावर ‘४+४’ किंवा ‘२+२’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ ८ ओहम किंवा ४ ओहम असा लावू नका. ४ ओहमच्या दोन स्वतंत्र कॉइल आहेत, एवढंच ते सांगतं. त्या कशा जोडायच्या हे तुम्ही ठरवायचं असतं.

वॉटच्या बाबतीत ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ लिहिलेला आकडा वाचूच नका. सब सतत किती सोसतो ते आरएमएस सांगतो. खोक्यावर ठळक ‘१४००’ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘आरएमएस ३५०’ असेल, तर तुमचा सब ३५० वॉटचा आहे.

सावधान: एकाच अँपवर लावायचे सब एकाच मॉडेलचे आणि एकाच ओहमचे घ्या. ४ ओहमचा आणि २ ओहमचा सब पॅरलल जोडला तर २ ओहमवाला दुप्पट पॉवर ओढतो. सिरीज जोडला तर उलट, ४ ओहमवाल्यावर दुप्पट भार येतो. घरातला जुना १० इंची आणि नवा १२ इंची एकत्र करायचा मोह टाळा; अँपवरचा गेनचा नॉब (पायरी ७) कितीही फिरवला तरी त्यातला एक लवकर जळेल आणि दुसरा कधी पुरता वाजणार नाही.

## पायरी २: मीटर लावून कॉइल मोजा

खोक्यावर विसंबू नका. वापरलेले सब घेतले असतील तर मुळीच नाही. साधा डिजिटल मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. स्वस्त मीटर तिथेच ०.२ किंवा ०.३ दाखवतो. हा वायरींचा स्वतःचा रोध आहे. तो प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा.

मग एकेका कॉइलच्या + आणि − वर टोकं दाबून धरा. कोनला हात लावू नका, हलला तर आकडा नाचतो. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.८ दाखवेल, २ ओहमची १.६ ते १.९. मीटर डीसी रोध मोजतो, म्हणून तो छापील आकड्यापेक्षा कमी येणारच. त्यावरून सब बिघडलाय असं समजू नका.

तपासणी: एकाच सबच्या दोन कॉइलमध्ये ०.३ ओहमपेक्षा जास्त फरक असेल, किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर इथेच थांबा. जळलेली कॉइल जोडून पुढे गेलात तर खालचं सगळं गणित खोटं ठरेल.

## पायरी ३: शेवटचा ओहम काढा

अँपला सब किती आहेत हे कळत नाही. त्याच्या टर्मिनलवर एकूण किती ओहमचा भार आला एवढंच त्याला कळतं. तो भार काढायला दोन नियम पुरतात.

सिरीज, म्हणजे एकाचा − दुसऱ्याच्या + ला: ओहमची बेरीज करा.

पॅरलल, म्हणजे सगळे + एकत्र आणि सगळे − एकत्र: सगळे सारखे असतील तर एकाच्या ओहमला संख्येने भागा.

डबल कॉइलचे सब असतील तर हे दोनदा करायचं. आधी प्रत्येक सबच्या स्वतःच्या दोन कॉइल, मग सब एकमेकांना. नेहमी लागणारे हिशेब असे:

- एक कॉइल ४ ओहमचे दोन सब: पॅरलल २, सिरीज ८.
- एक कॉइल २ ओहमचे दोन सब: पॅरलल १, सिरीज ४.
- ४+४ चे दोन सब: चारही कॉइल पॅरलल केल्या तर १. प्रत्येक सब आतून सिरीज (८) आणि मग दोन्ही पॅरलल केले तर ४.
- २+२ चे दोन सब: प्रत्येक आतून सिरीज (४), मग पॅरलल केले तर २. चारही पॅरलल केल्या तर ०.५, जो बहुतेक अँपना झेपत नाही.
- ४+४ चे चार सब: आतून सिरीज, मग चारही पॅरलल केले तर २.
- २+२ चे चार सब: आतून सिरीज, मग चारही पॅरलल केले तर १.

तीन सबचं त्रांगडं वेगळं आहे. ४+४ चे तीन आतून सिरीज, मग पॅरलल केले तर २.६७ येतात. सगळ्या कॉइल पॅरलल केल्या तर ०.६७. एक कॉइल ४ ओहमचे तीन पॅरलल केले तर १.३३. यातला एकही आकडा अँपच्या खोक्यावर छापलेला नसतो. २.६७ ओहम भार २ ओहमच्या अँपला चालतो, पण छापील पॉवरपेक्षा कमी मिळते, १.३३ ला १ ओहम झेपणारा अँप लागतो. जागा असेल तर दोन किंवा चार घ्या, तीनच्या नादी लागू नका.

सावधान: डबल कॉइलची एक कॉइल मोकळी सोडून ‘हव्या त्या ओहमला’ पोचायचा एक प्रकार चालतो. त्यात सबची वॉट झेलण्याची ताकद जवळपास अर्धी होते आणि बासची पकडही बदलते. दोन्ही कॉइल वापरायच्याच.

इथे एक कागद घ्या आणि जोडणीचं चित्र काढा. प्रत्येक टर्मिनल, प्रत्येक वायर, शेजारी + आणि − ची खूण. फिटिंगवाल्याला तोंडी सांगू नका, हा कागद हातात द्या.

## पायरी ४: आता अँप निवडा

दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. अँप तुमच्या शेवटच्या ओहमवर स्थिर चालतो असं त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि त्याच ओहमवर त्याचे आरएमएस वॉट सगळ्या सबच्या आरएमएसच्या बेरजेइतके हवेत. बेरजेच्या पाऊण ते सव्वा पटीत असेल तरी चालेल.

समजा, ४+४ चे, प्रत्येकी ३०० वॉट आरएमएसचे दोन सब आहेत. बेरीज ६००. एका मोनोब्लॉकवर (एकाच चॅनलच्या अँपवर) असं छापलंय: ४ ओहमला २००, २ ओहमला ३५०, १ ओहमला ६००. चारही कॉइल पॅरलल करून १ ओहमवर आणल्या तर जोडी उत्तम जमली. हेच सब, हाच अँप, पण आतून सिरीज करून ४ ओहमवर जोडले, तर प्रत्येक सबला जेमतेम १०० वॉट मिळतील. ‘दुसरा सब लावून फरकच पडला नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. तुटलेलं काही नसतं, जळलेलं काही नसतं, म्हणून कोणी शोधतही नाही.

छापील वॉटवर विश्वास किती ठेवायचा? सीटीए-२००६ (पूर्वीचं नाव सीईए-२००६) या मानकाप्रमाणे मोजलेला आकडा असेल तर तो १४.४ व्होल्टवर आणि १ टक्क्याच्या आतल्या विकृतीला मोजलेला असतो. तो धरून चालावं. ते नसेल तर अँपवर बसवलेले फ्यूज बघा. ३० अँपिअरचे दोन फ्यूज म्हणजे ६०. त्याला १३.८ व्होल्टने गुणा, आणि क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा प्रकार) अँपची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरा. उत्तर येतं ६६० वॉटच्या आसपास. असे फ्यूज असलेल्या डब्यावर ‘५००० वॉट’ लिहिलेलं असेल तर तो डबा खाली ठेवा.

सावधान, मोनोब्लॉकची दुहेरी टर्मिनल: बऱ्याच मोनोब्लॉकवर दोन + आणि दोन − असतात. ते दोन चॅनल नव्हेत. आतून ती टर्मिनल एकमेकांना जोडलेलीच असतात, वायर खुपसायला सोपं जावं एवढ्यासाठी दिलेली. २ ओहमचा एक सब पहिल्या जोडीला आणि दुसरा दुसऱ्या जोडीला लावलात, तर अँपला १ ओहम दिसतो. २ ओहमची मर्यादा असलेले कितीतरी अँप याच गैरसमजात जळाले आहेत.

सावधान, ब्रिज जोडणी: दोन किंवा चार चॅनलचा अँप ब्रिज केला (दोन चॅनल मिळून एकच भार चालवायला लावले) की प्रत्येक चॅनलला भाराचा अर्धाच ओहम दिसतो. स्टीरिओत (म्हणजे प्रत्येक चॅनल वेगळा वापरताना) २ ओहम झेपणारा अँप ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली नेऊ नका. चार चॅनलच्या अँपवर पुढचे दरवाजे आणि मागच्या दोन चॅनलवर सब, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. तिथे ४+४ चे दोन सब ४ ओहमवर आणून ब्रिज केले की छान बसतात. पण एक कॉइल ४ ओहमचे दोन सब असतील तर पॅरलल करून (२ ओहम) ब्रिजवर टाकणं धोक्याचं. सिरीज केले तर ८ ओहमवर पॉवर घटते. अशा वेळी ब्रिजचा नाद सोडून एकेका चॅनलला एकेक सब द्या.

## पायरी ५: करंट, वायर, फ्यूज आणि अर्थ

६०० वॉटच्या क्लास डी अँपला पूर्ण जोरात बॅटरीकडून सुमारे ७५० वॉट लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला ५५ अँपिअरच्या घरात. गाण्यात हा भार सतत नसतो, पण ठोका पडतो त्या क्षणी तेवढा लागतो. छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये बहुधा ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असते, आणि सिग्नलला उभं असताना अल्टरनेटर त्याच्या छापील क्षमतेपेक्षा बराच कमी करंट देतो. अशा गाडीत ५०० ते ६०० वॉटच्या पुढे जायचं असेल तर बॅटरी-अल्टरनेटरचा विचार आधी करा, तिसऱ्या-चौथ्या सबचा नंतर.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. ‘किट’मध्ये मिळणाऱ्या स्वस्त वायरी बहुतेक तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात; जाडी तीच, रोध मात्र सुमारे दीडपट. चाकूने टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. रबराचं कव्हर इतकं जाड असतं की बाहेरून वायर बोटभर दिसते आणि आत धागे मात्र जेमतेम, म्हणून टोक सोलून बघितल्याशिवाय घेऊ नका. वरच्या उदाहरणाला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर योग्य. पाच मीटर लांबीत ५५ अँपिअरला ती जेमतेम ०.२ व्होल्ट खाते. १६ चौरस मिलिमीटरही चालवून घेता येते, त्याखाली नको.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. हा फ्यूज अँपसाठी नसतो, वायरीसाठी असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यावर घासून वायर उघडी पडली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर गाडी पेट घेते. म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच, आणि ‘फ्यूज उडतोय’ म्हणून मोठा फ्यूज टाकायचा नाही. वरच्या जोडणीला ६० किंवा ८० अँपिअरचा पुरे.

अर्थची (अँपचा − गाडीच्या बॉडीला जोडणारी) वायर तेवढीच जाड आणि अर्ध्या मीटरपेक्षा आखूड. बोल्टच्या आजूबाजूचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवा, घट्ट करा आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस किंवा रंग लावा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने हा सांधा एका पावसाळ्यात हिरवा पडतो, तिथे ही शेवटची पायरी सोडू नका. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. नव्या गाड्यांत बॅटरीच्या − टर्मिनलवर सेन्सर असतो. अँपचा अर्थ थेट त्या टर्मिनलवर न नेता बॉडीलाच द्या, नाहीतर चार्जिंगचा हिशेब चुकतो.

## पायरी ६: सबची जोडणी आणि दिशा

बॅटरीचा − काढून ठेवा, मग सबच्या वायरी जोडा. १ ओहमवर ६०० वॉट म्हणजे वायरीतून २४ अँपिअरहून जास्त करंट जातो. प्रत्येक सबला अँपपासून स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडी न्या. घरच्या वायरिंगची लवचीक तांब्याची वायर उत्तम चालते.

टोकं सोलल्यावर धागे पिळून घ्या आणि शक्यतो लग लावा. एक सुटा धागा + वरून − ला टेकला तरी अँप प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो), आणि तो धागा डोळ्यांना दिसतही नाही.

आता दिशा. दोन सबपैकी एकाचा + आणि − उलटा झाला, तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि बास एकमेकांना खाऊन टाकतो. दोन सब असून एकापेक्षा कमी आवाज, हे याचं लक्षण. अँपकडची टोकं मोकळी असतानाच १.५ व्होल्टचा साधा सेल घ्या, + ला + आणि − ला − क्षणभर टेकवा. सगळे कोन एकदमच बाहेर सरकले पाहिजेत. एकही आत गेला तर ती जोडणी तपासा. डबल कॉइलमध्ये हे प्रत्येक कॉइलवर वेगळं करून मग एकत्र करा, कारण एकाच सबच्या दोन कॉइल परस्परविरुद्ध जोडल्या गेल्या तर कोन हलतच नाही.

तपासणी, सगळ्यात महत्त्वाची: वायरी अँपला लावण्याआधी त्यांच्या मोकळ्या टोकांवर मीटर लावा. १ ओहमचा हिशेब असेल तर साधारण ०.८ ते १, २ ओहमला १.६ ते २, ४ ला ३.२ ते ४ यायला हवं. इथे आलेला आकडा कागदावरच्या चित्राशी जुळत नसेल तर अँपला हात लावू नका. ही एक मिनिटाची तपासणी वाटेत सोडली जाते आणि तिथेच अँप जातो.

पेटीबद्दल थोडक्यात: दोन सब एकाच पेटीत असतील तर मध्ये फळी घालून दोघांना समान आणि वेगळी हवा द्या. एक सब बिघडला तरी दुसरा मोकाट हलत नाही.

## पायरी ७: गेन बसवा

गेन हा आवाजाचा नॉब नाही. स्टीरिओकडून येणारा सिग्नल आणि अँपची क्षमता यांचा मेळ घालायला तो आहे. कानाने ‘अजून थोडा’ असं करत तो वाढवला की अँप क्लिप होतो (क्षमता संपून सिग्नलचे शेंडे कापले जातात), आणि क्लिप झालेला सिग्नल सबची कॉइल भाजतो. सब जळण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

किती व्होल्टवर थांबायचं ते काढा: हवे तेवढे वॉट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ६०० वॉट आणि १ ओहम: २४.५ व्होल्ट. ३५० वॉट आणि २ ओहम: २६.५ व्होल्ट. २०० वॉट आणि ४ ओहम: २८.३ व्होल्ट. बघा, ओहम बदलला की व्होल्टही बदलतात, म्हणून मित्राच्या गाडीतला आकडा उचलू नका.

मग असं करा:

१. सबच्या वायरी अँपवरून काढा. गेन शून्यावर, बास बूस्ट शून्यावर, लो पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या वरचा आवाज अडवणारा) जितका वर जाईल तितका वर.

२. स्टीरिओचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद.

३. ० डीबीचा ५० हर्ट्झचा टोन पेनड्राइव्हवर घालून लावा. ब्लूटूथवरून लावलात तर फोनचा आवाजही गणितात येतो. ५० हर्ट्झच का, तर स्वस्त मीटरही घरच्या विजेसाठी त्याच वारंवारतेला बरोबर चालतात.

४. इंजिन चालू ठेवा. स्टीरिओचा आवाज पूर्ण क्षमतेच्या पाऊण भागावर ठेवा. यापुढे तो कधी न्यायचा नाही.

५. मीटर एसी व्होल्टवर, टोकं अँपच्या सबच्या टर्मिनलवर. गेन हळूहळू वाढवा आणि काढलेल्या आकड्याच्या किंचित खाली थांबा. सब नसताना व्होल्ट थोडे जास्त दिसतात, म्हणून २४.५ च्या जागी २२-२३ ला समाधान माना.

सावधान: गेन ठरल्यावर बास बूस्ट वाढवू नका. ६ डीबीचा बूस्ट त्या पट्ट्यात चौपट पॉवर मागतो, आणि तुमचं सगळं मोजमाप वाया जातं.

## पायरी ८: फिल्टर, आणि पहिला तास

लो पास ८० हर्ट्झच्या आसपास. पोर्टच्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) पेटीत सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचा आवाज अडवणारा) पेटीच्या ट्यूनिंगपेक्षा थोडा खाली, साधारण २५ ते ३०. त्याखाली पेटी कोनला धरत नाही आणि तो भलताच लांब हलतो. बंद पेटीला त्याची तेवढी गरज नसते. फेज स्विच दोन्ही बाजूंनी ऐका आणि ड्रायव्हर सीटवर जिथे बास भरदार वाटतो तिथे ठेवा.

सब परत जोडा. अर्धा तास मध्यम आवाजात वाजवा, मग थोडा वेळ जोरात. जोरात असताना दोन मोजमापं घ्या. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून अँपच्या + आणि − वर: बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट नको. आणि अँपच्या − वर एक टोक, दुसरं बॉडीच्या दुसऱ्या उघड्या पत्र्यावर: ०.१ व्होल्टच्या आत हवं, नाहीतर अर्थचा बोल्ट पुन्हा घासा. मग हाताने लग, फ्यूजची डबी आणि स्पीकर वायरीचे सांधे चाचपून बघा. जो सांधा बोट ठेवता येऊ नये इतका तापलाय तो ढिला आहे.

## लाल दिवा लागला तर

याच क्रमाने शोधा. स्पीकर वायरी काढा. दिवा गेला तर दोष सबच्या बाजूला. मीटरने ओहम मोजा, सुटा धागा शोधा, कॉइल सबच्या धातूच्या सांगाड्याला किंवा वायर गाडीच्या बॉडीला टेकत नाही ना बघा. वायरी काढूनही दिवा राहिला तर व्होल्टेज मोजा, मग अर्थ. फक्त दहा-पंधरा मिनिटांनी लागत असेल तर अँप तापतोय: एकतर ओहम मर्यादेखाली आहे, नाहीतर अँप कार्पेटखाली किंवा पेटीला उलटा चिकटवलाय. सिग्नलला उभं असतानाच लागत असेल तर अल्टरनेटर पुरत नाही, तिथे नवा अँप आणून काही होणार नाही.

दोन आठवड्यांनी टर्मिनलचे सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. तांब्याचे धागे दबतात आणि बासच्या थरथराटाने स्क्रू ढिले होतात, म्हणून पहिल्यांदा कितीही घट्ट केले असले तरी ते थोडे फिरतातच.